बेणारेबाईंची नोकरी

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठीच्या वर्गांतून ते अनेक पिढ्यांनी शिकले आणि शिकवले. लीला बेणारेवर चाललेल्या त्या अभिरूप खटल्याची चर्चा आपण बहुधा नैतिकतेच्या अंगाने करतो. मध्यमवर्गाचा दांभिकपणा, पुरुषी क्रौर्य, खेळातून उघड होणारी हिंसा हे सारे मुद्दे रास्तच आहेत. मात्र या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडते. नाटकाच्या शेवटी बेणारेबाईंची नोकरी जाणार आहे. शाळेत त्यांच्याविषयी चौकशी चालू असल्याचे त्या आरंभीच सांगून टाकतात. आणि खटल्याचा खेळ रंगात आला असताना संस्थाचालकांनी त्यांना काढण्याचे ठरवल्याची वार्ता काशीकर सांगतात. घंटेच्या ठोक्याला वर्गात असण्याचा ज्यांना अभिमान, त्या बाईंची भाकरी एका टेलिफोनवरच्या संभाषणात संपते.

आम्हांस या लेखात त्या नोकरीविषयी लिहायचे आहे. बेणारेबाई ज्या काळात उभ्या आहेत, त्याच काळात मुंबईत कचेऱ्यांमधून, कारखान्यांच्या हलक्या खात्यांतून आणि विमानांतून काम करणाऱ्या स्त्रिया लग्न, गरोदरपण आणि वय या तीन कारणांनी नोकरी गमावत होत्या. त्यांपैकी काहींच्या पाठीशी कामगार संघटना होती, काहींच्या विरोधात होती, आणि काहींना आपली स्वतंत्र संघटना उभारावी लागली. हा इतिहास न्यायनिवाड्यांच्या जाड खंडांत पडून आहे आणि साहित्याचे वाचक तिकडे सहसा फिरकत नाहीत. आमच्या मते त्यांनी फिरकावे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला समाजाने कोणते शब्द दिले आणि त्या शब्दांची किंमत तिने कशी मोजली, हे तेथे कथाकादंबऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम बेणारेबाईंचेच पाहू. १९६१ सालचा प्रसूती लाभ कायदा त्या वेळी अस्तित्वात होता. गरोदर स्त्री विवाहित आहे की नाही, असा प्रश्न तो कायदा विचारीत नाही. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला काढून टाकणे त्याने बेकायदा ठरवले. परंतु आरंभी त्याचे क्षेत्र कारखाने, खाणी आणि मळे यांपुरते होते. म्हणजे कापडगिरणीतल्या कामगार स्त्रीला जो आधार होता, तो सुशिक्षित, स्वतंत्र बाण्याच्या शिक्षिकेला नव्हता. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला. त्याने शाळा न्यायाधिकरणाची तरतूद केली. काढलेल्या शिक्षकाला दाद मागायला एक दार मिळाले. नाटक त्याच्या दहा वर्षे आधीचे आहे. शिवाय शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. शिकवणे हे अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ज्या पेशाला आपण ‘पवित्र’ म्हणतो, त्याच्या पावित्र्याचा हा कायदेशीर अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

‘कामगार’ ठरण्याला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्यादुकट्या कामगाराची तक्रार हा ‘औद्योगिक विवाद’ ठरत नसे. ती संघटनेने किंवा कामगारांच्या समूहाने आपली म्हणून उचलावी लागे. १९६५ च्या दुरुस्तीनंतर बडतर्फीपुरती ही अट सैल झाली. परंतु कंपनीचा एखादा नियमच अन्यायाचा असेल, तर त्यावर भांडण्यासाठी संघटना हाच मार्ग राहिला. एकट्या बाईने कितीही सडेतोड स्वगत म्हटले, तरी ते कायद्याच्या कानी पोचायला मागे माणसे उभी असावी लागत.

अशी माणसे उभी राहिल्याचे एक उदाहरण नाटकाच्या थोडेच आधीचे आहे. मुंबईतल्या एका औषधकंपनीत नियम होता, की विशिष्ट खात्यात अविवाहित स्त्रियाच ठेवायच्या आणि त्यांपैकी कोणी लग्न केले, की तिची नोकरी आपोआप संपुष्टात येईल. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम रद्द व्हावा अशी मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणाने ती फेटाळली. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तेथे जिंकली. हा निवाडा १९६६ च्या निवाडेसंग्रहात छापलेला आहे. कंपनीचे म्हणणे असे, की या खात्यातले काम गटाने चालते, त्याला नियमित हजेरी लागते, आणि लग्न झालेल्या बायका गैरहजर फार राहतात. न्यायालयाने त्यावर जवळजवळ घरगुती शहाणपणाचा विचार केला. अविवाहित बाईलाही घर असते, विधवेलाही मुले असतात. विवाहितेच्या बाबतीत वेगळेपण असलेच तर ते प्रसूतीच्या रजेचे, आणि तेवढ्यासाठी चार जणी राखीव ठेवता येतात.

या खटल्यात आम्हांस लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी, की निवाड्याच्या शीर्षकात कोणा स्त्रीचे नाव नाही. तेथे संघटनेचे नाव आहे. कोणा एकीला उभे करून तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड करावी लागली नाही. बेणारेबाईंच्या खटल्यात जे घडते, नेमके तेच येथे टळले. संघटनेचा स्त्रियांना पहिला उपयोग कोणता, तर तिच्यामुळे ‘ही बाई कशी आहे’ हा प्रश्न बाजूला पडून ‘हा नियम कसा आहे’ हा प्रश्न पुढे येतो.

परंतु संघटना म्हणजे आपोआप स्त्रियांची कैवारी, असा निष्कर्ष यावरून काढणे भोळेपणाचे ठरेल. पुढचे उदाहरण त्यासाठीच आहे.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींत जहाजकंपन्यांच्या कचेऱ्या होत्या. मॅकिनन मॅकेन्झी ही त्यांपैकी एक मोठी कंपनी. तेथे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्री लघुलेखकांना ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे पदनाम होते. ‘लेडी स्टेनो’ हा शब्दप्रयोग आपल्या परिचयाचा आहे. हिंदी चित्रपटांनी आणि दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांनी त्या पात्राला साहेबाच्या केबिनमध्ये बसवून हवे तेवढे हसू मिळवले. त्यातला ‘लेडी’ हा शब्द आपण सौजन्याचा समजतो. कंपनीच्या पगारपत्रकात तो वेतनश्रेणीचा शब्द होता. पुरुष स्टेनोग्राफर निराळे आणि लेडी स्टेनोग्राफर निराळ्या, आणि काम तेच असूनही दुसरीचा पगार कमी.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरला समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच १९७५ साली या कंपनीत व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात वेतनकरार झाला. श्रेणी वरकरणी सर्वांना सारखी होती, परंतु जुन्या पगारावरून नव्या श्रेणीत बसवण्याची रीत, म्हणजे वेतननिश्चिती, लेडी स्टेनोग्राफरांसाठी वेगळी ठेवण्यात आली. या करारावर संघटनेची सही होती.

ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिकेची नोकरी १३ जून १९७७ रोजी संपवण्यात आली. त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची मागणी केली. पहिल्या पायरीवरच्या अधिकाऱ्याने मान्य केले, की स्त्री आणि पुरुष लघुलेखकांचे काम एकच आहे. तरीही त्याने अर्ज फेटाळला. कारण, संघटनेशी करार झालेला आहे! अपिलात निकाल त्यांच्या बाजूने फिरला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेथे एकल न्यायाधीशापुढे आणि नंतर खंडपीठापुढे हरली, आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांच्या निवाड्याने प्रकरण संपले. करार कायद्यापुढे टिकत नाही. पुरुषांना त्या पदावर घेतलेच जात नाही, ही सबब होऊ शकत नाही. आणि कंपनीची ऐपत नाही, हेही उत्तर होऊ शकत नाही, असे त्या निवाड्याचे सार आहे. भांडण किती रकमेचे होते? साडेसात महिन्यांच्या फरकाचे, ७,१९६ रुपये ६७ पैशांचे. त्यासाठी जवळपास दहा वर्षे गेली.

समान काम, समान वेतन या विषयावर आजही या निवाड्याचा दाखला दिला जातो. आम्ही मात्र त्यातल्या संघटनेच्या सहीपाशी थांबतो. त्या सहीमागे दुष्टपणाच असेल असे नाही. करार म्हणजे देवघेव. शेकडो कर्मचाऱ्यांच्या पदरात काही पडत असताना मूठभर लघुलेखिकांचे कलम सोडून द्यावे, असा हिशेब कोणत्याही वाटाघाटीत होऊ शकतो. परंतु असा हिशेब होतो तेव्हा सोडून द्यायचे कलम बहुधा कोणाचे असते, हा खरा प्रश्न आहे. टेबलाच्या एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला संघटना बसली, म्हणजे सारे पक्ष हजर झाले असे आपण समजतो. लेडी स्टेनोग्राफर त्या खोलीत असलीच, तर टिपण घेण्यासाठी.

याच सुमारास अमेरिकेत बॉस्टनमधल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी हा धडा निराळ्या तऱ्हेने गिरवला. कॅरन नुसबाम आणि एलन कॅसिडी या हार्वर्ड विद्यापीठात टंकलेखनाचे काम करणाऱ्या मैत्रिणी. त्यांनी इतर जणींसह आधी एक वार्तापत्र काढले आणि १९७३ मध्ये ‘नाइन टू फाइव्ह’ ही संघटना उभारली. सेक्रेटरींचा गौरवदिन म्हणून साहेबांनी गुलाबाची फुले द्यायची प्रथा तिकडे होती. गुलाब नको, पगारवाढ द्या, अशी त्यांची घोषणा होती. प्रस्थापित कामगार संघटनांमध्ये विरून न जाता त्यांनी सेवाक्षेत्रातल्या मोठ्या महासंघाशी जोडून घेतले, आणि १९७५ मध्ये आपली स्वतंत्र शाखा मिळवली. १९८१ मध्ये ती देशव्यापी झाली. १९८० सालचा त्याच नावाचा विनोदी चित्रपट या चळवळीवरून सुचलेला. आमच्या लघुलेखिकांना अशी शाखा लाभली नाही. आमच्याकडे हे लढे एकेकटीच्या नावाने न्यायालयांत गेले.

एक क्षेत्र मात्र असे होते, जेथे स्त्रिया संख्येने पुरेशा होत्या आणि नजरेत भरणाऱ्याही. मराठीत त्यांना ‘हवाई सुंदरी’ हे नाव मिळाले. त्या नावातच नोकरीची अट दडलेली आहे. एअर इंडियाच्या नियमांनुसार एअर होस्टेस ३५ व्या वर्षी निवृत्त होई. त्याआधी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर तेव्हा. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने मुदत ४५ पर्यंत वाढू शके. त्याच विमानात चहाचे ट्रे नेणारा पुरुष असिस्टंट फ्लाइट पर्सर ५८ पर्यंत नोकरीत राही. १५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने समान वेतन कायद्याखाली अधिसूचना काढून जाहीर केले, की या दोन वर्गांतला फरक लिंगावर नसून सेवाशर्तींवर आधारलेला आहे.

नर्गेश मिर्झा खटल्याचा निवाडा २८ ऑगस्ट १९८१ रोजी लागला. न्यायमूर्ती फजल अली यांनी गरोदरपणाचे कलम अत्यंत कठोर शब्दांत रद्द केले आणि संचालकांची मर्जीही घटनाबाह्य ठरवली. परंतु चार वर्षे लग्न न करण्याची अट कायम राहिली. मुलीला परिपक्वता येते, कुटुंबनियोजनाला मदत होते, अशी तिची भलावण झाली. आणि पुरुषांशी तुलना? ती करताच येत नाही, कारण होस्टेस आणि पर्सर हे दोन वेगळे वर्ग आहेत. त्यांची भरती, श्रेणी, बढती सारे निराळे. त्या निराळेपणाला पाठिंबा म्हणून महामंडळाने १९६५ आणि १९७२ या वर्षांचे औद्योगिक न्यायाधिकरणांचे निवाडे पुढे ठेवले होते. आधी एका कामाला दोन नावे द्यायची आणि मग नावे दोन आहेत म्हणून कामे दोन मानायची, अशी ही रीत. भाषेच्या अभ्यासकाला ती ओळखू यायला हरकत नसावी.

पुढचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८९ मध्ये सरकारने होस्टेसनाही ५८ पर्यंत नोकरी द्यावी असा आदेश दिला. पण एका वयानंतर आकाशातून जमिनीवर, अशी त्याची अंमलबजावणी झाली. केबिन क्रूच्या संघटनेत पुरुषांचे प्राबल्य होते. त्यामुळे होस्टेसनी आपली वेगळी संघटना केली. नंतरच्या खटल्यांत स्त्रियांच्या समोर केवळ कंपनी नव्हती, केबिन क्रू असोसिएशनही होती. २००३ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि स्त्रियांनी ५० व्या वर्षी उड्डाण थांबवणे भेदभावाचे नाही असे म्हटले. २००५ मध्ये विमानातले पर्यवेक्षकपद स्त्रियांना खुले करणारा आदेश निघाला. त्याला आव्हान दिले गेले. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. नर्गेश मिर्झा निवाड्यापासून तीस वर्षांनी दोन ‘वर्गां’मधली भिंत पडली. ती टिकवण्यासाठी शेवटपर्यंत भांडणाऱ्यांत एक कामगार संघटना होती, हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. परंतु ते गाळून लिहिलेला इतिहास खोटा होईल.

येथवर आलेल्या स्त्रिया बहुतेक इंग्रजी शिकलेल्या, शहरी. त्यांचे लढे मोजक्यांचे होते. महाराष्ट्रात सेवेचे काम करणाऱ्या स्त्रियांची खऱ्या अर्थाने मोठी संघटना झाली ती गावोगावच्या अंगणवाड्यांतून. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पुन्हा त्याच महिला वर्षात. तिने दोन पदे निर्माण केली, ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’, आणि त्यांच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हटले. मराठीत मानधन कवीला देतात, व्याख्यात्याला देतात. पगार मागता येतो, मानधन मागणे शोभत नाही. मुलांना खाऊ घालणे, वजने घेणे, शिकवणे, नोंदवह्या भरणे, सर्वेक्षणे करणे हे सारे रोजचे काम या एका शब्दाने नोकरीच्या व्याख्येबाहेर ठेवले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला.

अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे या शब्दाशीच झुंज घेतली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात त्यांनी जवळजवळ महिनाभर संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे ‘मेस्मा’ लावला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर तो स्थगित करावा लागला. काम बंद पडले तर राज्याचे अडते इतके ते अत्यावश्यक, परंतु पगार द्यावा इतके ते काम नव्हे! या विसंगतीने संघटनांचे म्हणणे जितके सिद्ध केले, तितके कोणत्याही पत्रकाने केले नसते. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ठरवले, की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे. निकालाने शब्द मोकळा झाला, पैसे नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचारी पुन्हा संपावर गेल्या आणि तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच.

‘लेडी’, ‘हवाई सुंदरी’, ‘सेविका’, ‘मानधन’. चारही शब्द वरून आदराचे आहेत, आणि प्रत्येकाने त्या त्या स्त्रीच्या हाती पडणारे पैसे किंवा नोकरीची वर्षे कमी केली आहेत. साहित्याने यांपैकी पहिल्या दोघींना पात्रे म्हणून वापरले, पण कामगार म्हणून फारसे पाहिले नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (१९३३) शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनाची घालमेल आली. सत्यजित राय यांच्या ‘महानगर’मध्ये (१९६३) आरती आपल्या सहकारी एडिथवरच्या अन्यायासाठी राजीनामा देते, हा एकजुटीचा सुंदर क्षण आहे. परंतु तोही एकटीचा राजीनामा आहे. चौघी मिळून साहेबाच्या टेबलापाशी गेल्या, सभा घेतली, वर्गणी जमवली, करारातले एक कलम अडवून धरले, हे दृश्य आपल्या साहित्यात शोधावे लागते.

त्यामुळे बेणारेबाईंचे नाटक पुन्हा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवावा म्हणतो. त्या खोलीत वकील आहे, न्यायाधीश आहे, साक्षीदार आहेत, प्रेक्षकही आहे. कोण नाही? दुसरी एकही शिक्षिका तेथे नाही. बाईंच्या शाळेतल्या सहकारी स्त्रिया नाटकभर कोठे दिसत नाहीत. तेंडुलकरांनी त्या काळाचे जे चित्र काढले, त्यात हे रिकामेपणही खरे होते. औषधकंपनीतल्या बायकांसाठी ती जागा संघटनेने भरली, बॅलार्ड इस्टेटमध्ये संघटनेने तिच्यावर सही करून टाकली, आणि अंगणवाडीच्या बायकांनी ती स्वतःच भरली. नाटकातली शाळा दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उघडली असेल, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत काय बोलणे झाले असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनी लिहून आणावी. एवढा गृहपाठ देऊन आम्ही थांबतो.